प्रश्नांची वेळ

परदेशातून एका सत्रासाठी पुण्यात आलेल्या विद्यार्थ्यांनी शेवटी आपला प्रकल्प मराठीतून सादर करू नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. मी त्यांना मराठीच शिकवायचे, तेव्हा हे मत म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय. तरी होतं. आता ते राहिलेलं नाही. ते का गेलं हे सांगायला बसले आहे खरी, पण आधी ते का होतं हे सांगायला हवं. त्यातली निम्मी कारणं मला आजही पटतात.

अमेरिकन मुलं पुण्यात मराठी शिकतात याचं डेक्कनवर कुणाला फारसं नवल उरलेलं नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ मध्ये निघाली आणि तिचे मराठीचे वर्ग पुण्यात भरत आले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या छोट्या कॉलेजांनी मिळून चालवलेला एक कार्यक्रमही इथे वर्षानुवर्षं होता. या येण्याजाण्यातून काही मोठी माणसं घडली. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलं. मॅक्सीन बर्नसन फलटणच्या मराठीचा अभ्यास करायला आल्या आणि फलटणच्याच होऊन गेल्या; त्यांनी भारताचं नागरिकत्वही घेतलं. त्यांनी आणि जाई निंबकरांनी मिळून तयार केलेली मराठीची पुस्तकं हाताशी होती म्हणून माझ्यासारख्या कित्येकींना परक्यांना मराठी शिकवणं जमलं.

पण माझे विद्यार्थी या पंक्तीतले नव्हेत. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातली, विशीतली मुलं. सकाळी मराठीचा तास, दुपारी इंग्रजीतून व्याख्यानं, राहायला एखाद्या मराठी कुटुंबात आणि स्वतः निवडलेल्या विषयावर एक प्रकल्प. चारेक महिन्यांत परत जायचं. जायच्या आधीच्या आठवड्यात सभागृहात कार्यक्रम व्हायचा. यजमान कुटुंबं नटूनथटून येत, मुली साड्या नेसत, मुलगे झब्बे घालत, आणि प्रत्येकाने दहा मिनिटं मराठीतून आपला प्रकल्प सांगायचा. मग टाळ्या, बटाटेवडा, चहा.

या दहा मिनिटांवर माझा राग होता. ज्या मुलीशी इंग्रजीत जात, बायका आणि मजुरी यांवर तासभर वाद घालावा, ती मराठीत आली की 'ही मंडई आहे, मंडई मोठी आहे, मला मंडई आवडते' इथवर येऊन थांबायची. चार महिन्यांत याहून फार पुढे कोणी जातही नाही. सामान्यरूपं, तीन लिंगं, 'मी आंबा खाल्ला' पण 'मी पोळी खाल्ली' पण 'मी घरी आले', यातून वाट काढता काढताच दिवाळी येते. विचार करता येणाऱ्या माणसाला चारचौघांत दुसरीच्या बाकावर बसवायचं आणि वर त्याचं कौतुक करायचं, हे मला क्रूरपणाचं वाटे.

दुसरं कारण जरा नाजूक आहे. ती भाषणं मुलांची नसायचीच. मुलं इंग्रजीत मजकूर आणत, मी मराठी करून देई, ती रोमन लिपीत उतरवून घेत आणि पाठ करत. माझ्या घरच्या जेवणाच्या टेबलावर अशी कितीतरी भाषणं तयार झाली. 'ळ' आणि 'ण' घोटून घेणं, 'चार' आणि 'चमचा' यांतला 'च' एकच नाही हे पटवणं, एवढाच काय तो शिकवण्याचा भाग. एका वर्षी एक मुलगा वाक्याच्या मध्येच अडकला. पुढचा शब्द आठवेना म्हणून तो वाक्याच्या सुरुवातीला परत गेला, पुन्हा तिथेच अडकला, पुन्हा मागे गेला. पहिल्या रांगेतल्या त्याच्या यजमान आजी ओठ हलवत होत्या. त्यांनाही ते पाठ झालेलं होतं. मला मात्र कळत होतं की अडकलेलं वाक्य माझं आहे. 'सामाजिक अभिसरणाच्या प्रक्रियेत' असं काहीतरी मीच घातलं होतं त्याच्या तोंडात.

तिसरं कारण टाळ्यांचं. गोरं माणूस 'नमस्कार' म्हणालं की आपण विरघळतो. 'किती गोड बोलते हो!' कलबुर्गीहून येऊन आमच्या गल्लीत भाजीची गाडी लावणारा माणूस यापेक्षा दसपट चांगलं मराठी बोलतो, पण त्याचं लिंग चुकलं की त्याची नक्कल होते. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं लेकरू पहिलीत बसतं आणि उभं राहून मराठीत उत्तर देतं. तेही नव्याने शिकलेल्या भाषेतच बोलत असतं, पण त्याला कोणी वडा देत नाही. कार्यक्रमानंतरचे प्रश्नही त्या टाळ्यांच्याच जातीचे. पुरणपोळी आवडली का? आपले लोक कसे वाटले? साडीत चालायला जमतं का? प्रकल्पाबद्दल अवाक्षर नाही. मुलांनीही या प्रश्नांची उत्तरं पाठ केलेली असत, कारण तीही मीच लिहून देई.

म्हणून मी एकदा संचालकांना पानभर टिपण दिलं. प्रकल्प इंग्रजीत सादर व्हावा म्हणजे त्यात काही आशय राहील, आणि मराठीची तोंडी परीक्षा बंद खोलीत वेगळी घ्यावी. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि यजमान आयांना इंग्रजी कार्यक्रम आवडणार नाही, एवढं सांगून टिपण परत दिलं. त्यांचं कारणही काही थोर नव्हतं.

शतक संपायच्या बेतात होतं तेव्हाची गोष्ट. विस्कॉन्सिनहून आलेल्या एका मुलीने कचरा वेचणाऱ्या बायकांवर प्रकल्प घेतला. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली होती, बायकांना ओळखपत्रं मिळालेली होती, आणि उकिरडा उपसणारी बाई ही भिकारी किंवा चोर नसून कामगार आहे हे म्हणणं शहराच्या कानांवर पडू लागलं होतं. यांतल्या कित्येक बायकांची घरं १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडून पुण्यात आलेली, बहुतेक मातंग किंवा बौद्ध. ही मुलगी पहाटे त्यांच्याबरोबर निघायची, दुपारी मालाची निवड करायला त्यांच्या शेजारी बसायची आणि भंगाराच्या दुकानापर्यंत जायची. तिच्या यजमान आईंनी पहिल्या दिवशी तिला मागच्या दाराने थेट न्हाणीघरात पाठवलं. नंतर नंतर तीच आपण होऊन मागच्या दाराने येऊ लागली. यावर कोणी काही बोललं नाही, मीही नाही.

मला काळजी होती ती तिच्या मराठीची. वर्गात शिकलेलं 'मी' जाऊन 'म्या' आलं. 'नाही'चं 'न्हाई' झालं. मी चिमटीत धरून एकेक बाहेर काढत होते. भाषणाचा मसुदा आला तेव्हा नेहमीप्रमाणे मी तो घासूनपुसून दिला. 'मध्यस्थ व्यापाऱ्यांकडून होणारे आर्थिक शोषण' हे माझं. तिच्या वहीत त्या जागी 'दुकानवाला काटा मारतो' असं होतं. मी म्हटलं, हे सभागृहात बरं दिसत नाही.

तिने आणखी एक केलं, मला न विचारता. त्या बायकांना कार्यक्रमाला बोलावलं.

त्या येणार हे कळल्यावर आमच्या संस्थेत जी धांदल उडाली ती लिहायला मला लाज वाटते, पण मनोगतच आहे तर लिहिते. त्यांना कुठे बसवायचं यावर चर्चा झाली. कोणीतरी हळूच विचारलं, कागदी पेले मागवायचे का? स्पष्ट कोणी काही म्हणालं नाही; फक्त त्या वर्षी सगळ्यांनाच कागदी पेल्यांतून चहा मिळाला. बायका दुपारी माल घालून, हातपाय धुऊन, धुतलेली लुगडी नेसून आल्या. कडेवर एकदोन नातवंडं. मधल्या रांगांत बसल्या. यजमान मंडळी पुढे होती.

मुलगी उभी राहिली आणि पहिल्या दोन मिनिटांत माझं भाषण संपलं. म्हणजे तिने ते सोडून दिलं. माझी 'ऋणबद्धता' तिला आठवली नाही की तिने मुद्दाम टाकली, हे मी तिला कधी विचारलं नाही. समोर बघून ती आपल्या मराठीत बोलू लागली. बायका पहाटे निघतात. पुठ्ठा वेगळा, पत्रा वेगळा, काच वेगळी. दुकानवाला काटा मारतो. बायका त्याच्याकडून उचल घेतात. उचल घेतली म्हणून दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. म्हणून ते दुकान वाईट आहे, ते बंद व्हायला पाहिजे. लिंगं चुकत होती, क्रियापदं लोंबकळत होती. स्लाइड प्रोजेक्टरवर चित्रं बदलत होती: ढीग, बोचकी, हात, आणि मग एका दुकानाचा फोटो. दारात टांगलेला तराजू, मागे दुकानाची पाटी, पाटीवर नाव.

"ए पोरी, थांब," मधल्या रांगेतून आवाज आला. "ह्यो फोटू कशाला काढलास?"

सभागृहात चुळबुळ झाली. भाषणाच्या मध्ये बोलायची तिथे पद्धत नव्हती. मुलीने चित्राकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, हा काटा मारतो. तुम्ही सांगितला."

"सांगितलं. पन उद्या सकाळी माल कुठं घालू? तुझ्या कालिजात?"

मी उठले. अशा वेळी मध्ये पडून दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवायचं हे माझं कामच होतं, आणि इंग्रजीतून तिला सगळं झटकन सांगता आलं असतं. ती माझ्याकडे न बघता "थांबा, बाई" म्हणाली. मी बसले. मला ते लागलं, हे कबूल करते.

पुढची काही मिनिटं त्या बायका एकमेकींशीच भांडल्या. एक म्हणाली, काटा मारतो तर मारतो, माझा नवरा दवाखान्यात होता तेव्हा मध्यरात्री त्यानेच पैसे दिले, तुम्ही कोणी आला होतात का? दुसरी म्हणाली, दिले, आणि किती वर्षं झाली, अजून फिटले का? तिसरीचं म्हणणं, दुकान बंद झालं तर दुसरं दुकान वस्तीपासून लांब आहे, बोचकं डोक्यावर घेऊन तिथवर जाणार कोण? मुलीला यातलं निम्मं कळत होतं. ती मध्येच "सावकाश", "पुन्हा सांगा", "म्हणजे कसं?" म्हणत होती आणि कागदावर काहीतरी लिहीत होती. भाषण देणारी माणसं सहसा भाषणात लिहून घेत नाहीत.

मग तिने विचारलं, "फोटो काढते. पण काटा खरं आहे?"

"काटा खरा हाय. फोटू काढ."

तिने स्लाइड उचलून टेबलावर ठेवली. पहिली बाई अजून उभीच होती. "हे तू लिवतीस कुणासाठी?"

"माझ्या कॉलेजासाठी."

"त्येंनी काय करायचं त्याचं?"

मुलगी थांबली. इंग्रजीत या प्रश्नाला उत्तरं भरपूर आहेत. जाणीवजागृती, धोरणकर्त्यांपर्यंत पोचणं, आवाज नसलेल्यांना आवाज. असली वाक्यं त्या वयाच्या मुलांच्या जिभेवर तयार असतात आणि मराठीतही ती मी पुरवू शकले असते. तिच्याकडे तेवढं मराठी नव्हतं. ती म्हणाली, "वाचतात. मार्क देतात."

बायका हसल्या. सगळ्याच हसल्या, पुढच्या रांगेतल्या आयासुद्धा. मला मात्र हसता आलं नाही. माझं मत त्या क्षणी बदललं असं मी म्हणणार नाही. मतं अशी क्षणात बदलत नाहीत, निदान माझी तरी नाहीत. त्या रात्री मी चिडलेलीच होते. तिच्या व्याकरणावर, त्या 'थांबा, बाई'वर, संस्थेत यापुढे काय ऐकून घ्यावं लागेल यावर. पण दुसऱ्या दिवशी तिचा इंग्रजी अहवाल तपासायला माझ्याकडे आला. त्यात तो फोटो होता, कारण अहवाल आधीच टंकून झाला होता. फोटोखाली दुकानाचं नाव होतं, पेठ होती. पेन्सिलीने तिने त्यावर काट मारलेली होती आणि समासात उचल, दवाखाना आणि लांबचं दुकान यांबद्दल बारीक अक्षरात भरगच्च लिहिलेलं होतं.

तो अहवाल मी आदल्या आठवड्यात एकदा वाचला होता. आमच्या इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनीही वाचला होता. दोघांनाही फोटोत काही खटकलं नव्हतं. प्रकाश चांगला आहे, असं मी म्हटल्याचं आठवतं. माझ्या टिपणातली सूचना संचालकांनी मानली असती, तर तो फोटो इंग्रजीत सादर झाला असता, इंग्रजीतच विस्कॉन्सिनला गेला असता, आणि ज्यांना उद्या सकाळी त्याच दुकानात माल घालायचा आहे त्या बाईंना याचा पत्ताही लागला नसता. आशय राहावा म्हणून मी इंग्रजी मागत होते. आशय तपासणारी माणसं मधल्या रांगेत बसलेली होती आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

एवढं कळल्यावर जुनी कारणं एकेक करून पुन्हा बघावी लागली. मुलांचं मराठी दुसरीतल्या पोराचं असतं, हे खरंच आहे. पण त्या मराठीत लपायला जागा नसते. 'दुकान वाईट आहे' असं ढोबळ, उघडं वाक्य समोर आलं की ऐकणाऱ्याला ते उघडपणे खोडता येतं. माझं 'मध्यस्थ व्यापाऱ्यांकडून होणारे आर्थिक शोषण' कोणी खोडलं असतं? त्या बायकांनी माना डोलावल्या असत्या, टाळ्या वाजवल्या असत्या आणि चहा पिऊन गेल्या असत्या. माझं मराठी आणि प्राध्यापकांचं इंग्रजी या बाबतीत एकाच घरची पोरं निघाली.

नव्याने शिकलेल्या मराठीत चारचौघांसमोर उभं राहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तेव्हा ऐकणारे नुसते टाळ्या वाजवत नसत. अमेरिकन मिशनरी १८१३ पासून मुंबईत होते, मराठी शिकून बाजारात, रस्त्यात उपदेश करत. लोक उलट विचारत. १८५७ मध्ये तर मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद रंगले. त्यांची हकिगत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने छापून ठेवली आहे. बोवेन यांच्या धर्मकार्याशी मला देणंघेणं नाही. पण शिकलेल्या भाषेत बोलायचं तर त्याच भाषेत उलटतपासणी सोसायची, हे त्यांना गृहीतच धरावं लागलं असणार. वडा आणि टाळ्या ही आमची भर.

पुढच्या सत्रापासून मी भाषणं लिहून देणं बंद केलं. मुलं रडकुंडीला आली. दोघातिघांनी घरी फोन केले. वर्गात निबंधी वाक्यांऐवजी मी वेगळीच वाक्यं घोटून घेऊ लागले: पुन्हा सांगता का, हा शब्द कळला नाही, तुमचं म्हणणं असं आहे का, मला असं वाटत नाही, मी विचार करून सांगते. ही वाक्यं तोवर माझ्या अभ्यासक्रमात नव्हती, हे लक्षात आल्यावर माझं मलाच नवल वाटलं. परक्या भाषेत माणसाला सर्वांत आधी लागतात ती हीच. नियम एकच ठेवला: ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांतली निदान काही माणसं समोर हवीत, आणि बोलायला जितका वेळ, तितकाच प्रश्नांना.

याचे परिणाम सगळे गोड झाले असं नाही. एका मुलाने पेठेतल्या जुन्या वाड्यावर प्रकल्प केला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून भाडी कशी गोठली, मालकांनी डागडुजी का सोडली, भाडेकरू का हलत नाहीत. नियमाप्रमाणे त्याने मालकांना बोलावलं आणि भाडेकरूंनाही. बिचाऱ्याचं भाषण पाचव्या मिनिटाला संपलं. पुढचा वेळ दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या तीन पिढ्या उद्धरण्यात गेला, कोर्टातले दावे क्रमांकांसह निघाले, आणि मुलगा व्यासपीठावर हातात कार्डं धरून उभा. संचालक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी विसरणार नाही. मुलगा मात्र नंतर म्हणाला की चार महिन्यांत आपल्याला जे कोणी सांगितलं नाही ते सगळं त्या दिवशी कळलं. फक्त फार वेगाने.

एका दुसऱ्या मुलाचं मला वाईट वाटतं. तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार बाजारातल्या हमालांबरोबर हिंडला होता. १९६९ चा माथाडी कायदा, हमाल पंचायत, शंभर किलोंची पोती पन्नास किलोंची व्हावीत ही हमालांची जुनी मागणी, सगळं त्याने नीट अभ्यासलेलं. हमाल कामावरून थेट आले होते. त्यांनी मागणीबद्दल काही विचारलं नाही. एकाने विचारलं, तुझ्या विमानाचं तिकीट किती? त्याने आकडा सांगितला, आणि रुपयांत किती हेही सांगितलं, कारण संख्या आम्ही चांगल्या घोटून घेतल्या होत्या. कोणी काही बोललं नाही. मग दुसऱ्याने विचारलं, तुमच्याकडे पोती कोण उचलतं? तो म्हणाला, मशीन. मग माणसं काय करतात? हे त्याला ठाऊक नव्हतं. भाषेमुळे नव्हे, खरोखरच ठाऊक नव्हतं. तो खाली उतरला आणि जेवला नाही. त्याला इंग्रजीच्या आडोशाला उभं राहू द्यायला हवं होतं का, यावर माझं आणि माझ्या सहकारी बाईंचं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, विसाव्या वर्षी एवढं कशाला? मी म्हणते, त्या हमालांपैकी काहीजणांनी विसाव्या वर्षी पोती उचलायला सुरुवात केली होती. पण असं म्हणताना मीही पूर्ण खात्रीने म्हणत नाही.

टाळ्यांचं काय झालं, तर ते तसंच आहे. अजूनही 'नमस्कार'ला पहिली टाळी पडतेच. माझा भाचा एका सत्रासाठी जर्मनीला गेला होता. पुण्यात अकरावीपासून जर्मन घेतलेलं, कारण गुण मिळतात. तिथे सेमिनारमध्ये त्याने जर्मनमधून विषय मांडला. झाल्यावर मुलांनी बाकांवर बोटांनी टकटक केलं, जसं तिथल्या विद्यापीठांत सगळ्यांसाठीच करतात, आणि प्राध्यापक म्हणाले की दुसऱ्या भागातला युक्तिवाद कच्चा आहे. त्याच्या जर्मनबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तो हिरमुसून फोनवर सांगत होता. मला त्याचा हेवा वाटला. आमच्या सभागृहात भाषेचं कौतुक झाल्याशिवाय युक्तिवादापर्यंत कोणी पोचत नाही. पोचतात ते मधल्या रांगेतले, ज्यांना त्या युक्तिवादाचा उद्या त्रास होणार असतो.

व्याकरण घसरलं ही तक्रार खरी आहे. भाषणं मी लिहीत होते तेव्हा ती शुद्ध होती. आता 'मी गेला' म्हणणारी मुलगी आणि 'माझी घर' म्हणणारा मुलगा व्यासपीठावरून तसंच बोलतात, आणि माझ्यातली पुण्याची शिक्षिका प्रत्येक वेळी खुर्चीत कळवळते. मी वहीत टिपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सांगते. 'न्हाई' मात्र मी आता खोडत नाही. जिने ते शिकवलं तिच्यासमोर ते बोललं जातंय, मी कोण मध्ये?

हल्ली मुलं कमी दिवसांसाठी येतात. कार्यक्रम सहा-आठ आठवड्यांवर आले, मराठीचे तास निम्मे झाले, आणि मराठी सादरीकरण वेळेअभावी काढून टाकावं असा विचार सध्या चालू आहे. निवृत्त असले तरी माझं मत मागवलं होतं. मी पुन्हा पानभर टिपण दिलं, आधीच्याच्या बरोबर उलट. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

तोवर यंदाचा कार्यक्रम तरी होणार आहे. ओहायोचा एक मुलगा पीएमपीच्या वाहकांवर बोलणार आहे. त्याच्या यजमानांनी संध्याकाळी सहाची वेळ सुचवली होती, पण सकाळच्या पाळीचे वाहक घरी गेले की परत येत नाहीत. पाळी संपवून ते थेट येतील अशी वेळ हवी, म्हणून दुपारी तीन ठरवली आहे. नव्या संचालकांना ती वेळ फार गैरसोयीची वाटते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही नाही आलात तरी चालेल.